मांडवी ते तांबेकर वाडा

जुने शहर पाहावयाचे तर पायी पाहावे आणि त्याची नावे वाचीत पाहावे. वास्तूची डागडुजी होते, मालक बदलतो, राजवटही बदलते. नाव मात्र बहुधा तसेच राहते. बडोद्याच्या, म्हणजे आजच्या वडोदऱ्याच्या, जुन्या पेठांतून वारसा-फेरी करताना आम्हा सीमाभागातील मंडळींचे निम्मे लक्ष इमारतींकडे आणि निम्मे पाट्यांकडे होते. ज्यांच्या गावात पाटीच्या अक्षरांवरून वाद पेटतो, त्यांना ही सवय लागतेच.

फेरी मांडवीपासून निघाली. चारी बाजूंना कमानी असलेला हा मंडप जुन्या शहराच्या मध्यावर उभा आहे. येथून चार वाटा चार वेशींकडे जातात : पश्चिमेस लहरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर, दक्षिणेस गेंडीगेट. मांडवी हे नाव मंडपाशी आणि आपल्या मांडवाशी नाते सांगते. आमच्यातील गोमंतकीय सोबत्याला मात्र प्रथम आपली नदीच आठवली. पुढे घडियाळी पोळ लागली. मराठी कानाला ‘पोळ’ म्हणजे मोकाट सोडलेला बैल; गुजरातीत एकाच वेशीच्या आत दाटीने वसलेली घरे म्हणजे पोळ. तो शब्द संस्कृत ‘प्रतोली’वरून आला असे मानतात. आपला वाडा चौकाभोवती एका घराण्याचा संसार मांडतो, पोळ एका दरवाजामागे अनेक बिऱ्हाडे नांदवते. बडोद्यात वाडा आणि पोळ शेजारी नांदले, आणि दोन्ही शब्द दोन्ही भाषकांच्या तोंडी रुळले. खाद्यपदार्थांतही तेच. ज्या सेव-उसळीसाठी हे शहर ओळखले जाते, तिच्यातील उसळ आपल्याच स्वयंपाकघरातून आली. वाटाण्याच्या रश्श्यावर शेव पसरून बडोद्याने तिला आपलेसे केले.

लहरीपुरा दरवाजातून बाहेर पडताच न्यायमंदिराची भव्य इमारत दिसते. ती १८९६ साली उभी राहिली. नावाकडे लक्ष द्यावे. न्यायमंदिर काय किंवा १९३६ चे कीर्तिमंदिर काय, हे शब्द गुजराती माणसालाही आपले वाटतात आणि मराठी माणसालाही. वाटाड्याने इमारतीच्या कमानी आणि घुमट दाखविले. आम्हाला तिच्या नावातील समजूतदारपणा अधिक मोलाचा वाटला.

हा समजूतदारपणा केवळ नावांपुरता नव्हता. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाले. त्यांची मातृभाषा मराठी, दरबारी मंडळींत मराठी माणूस मोठ्या संख्येने. प्रजा मात्र बहुसंख्य गुजराती. राजाने आपली भाषा प्रजेवर लादली असती तर त्या काळी त्याला अडविणारे कोण होते? परंतु १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला, तेव्हा बहुसंख्य मुले शिकली ती गुजरातीतून. मराठी मुलांसाठी मराठी शाळा होत्या. १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनात तंत्रशिक्षणही देशी भाषेतून देण्याचा यत्न झाला. १९३१ चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ तर इंग्रजी शासनसंज्ञांना अनेक देशी भाषांत प्रतिशब्द देणारा कोश होय. कारभार प्रजेच्या भाषेत चालावा यासाठी एका संस्थानाने एवढा खटाटोप केला.

सुरसागराच्या काठाने आम्ही रावपुऱ्याकडे वळलो. तेथे बडोद्याचे दिवाण भाऊ तांबेकर यांचा चार मजली लाकडी वाडा आहे. आतील भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारतातील प्रसंग आहेत, मराठे आणि इंग्रज यांच्या लढायाही आहेत. वाटाड्या तरुण गुजराती होता. त्याने विचारले, ‘‘तांबेकरमधील ‘कर’ म्हणजे काय?’’ आम्ही सांगितले, घराणे ज्या गावाहून आले त्या गावाची ती खूण. त्याच ‘कर’ने बडोद्यालाही मराठी आडनावांत आणून बसविले, हिराबाई बडोदेकरांचे नाव कोणत्या मराठी रसिकाला ठाऊक नाही? त्याने ते लगेच टिपून घेतले आणि पुढील गटाला सांगेन म्हणाला. मराठी शब्दाचा अर्थ गुजराती माणूस आवडीने सांगतो, यात त्याची भाषा तसूभरही उणी होत नाही.

१९६० मध्ये बडोदे गुजरातेत गेले. भोवतालचा प्रदेश गुजराती होता, म्हणून ते न्याय्यच झाले. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, सापेक्ष भाषिक बहुमत आणि लोकेच्छा ही जी सूत्रे आपण बेळगाव, खानापूर, निपाणीसाठी मांडतो, त्यांच्याच न्यायाने बडोदे गुजरातचे ठरते. आपली मागणी प्रामाणिक आहे ती याचमुळे : जो नियम आपल्या सोयीचा नाही तेथेही आपण तो मानतो. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोवरही अल्पसंख्य भाषकांना काही हक्क आहेत. संविधानाचा ३५० क हा अनुच्छेद प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयी करावयास सांगतो. १९५६ च्या केंद्रीय निवेदनानुसार जेथे अल्पसंख्य भाषक १५ टक्क्यांहून अधिक असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध व्हावयास हवेत. मराठी परिपत्रक मागणारा सीमावासी कन्नडचा द्वेष करीत नाही. मराठी राजाने गुजराती प्रजेला जे आपण होऊन दिले, तेच तो लोकशाहीत मागतो.

बडोद्यास जाणाऱ्या प्रत्येक सीमावासीयाने ही फेरी अवश्य करावी. परतल्यावर आपल्या गावातील गल्ल्या, वेशी, विहिरी आणि वाडे यांची नावे, ज्येष्ठांकडून त्यांचे अर्थ विचारून, वहीत उतरवून ठेवावीत. कन्नड नावेही त्याच आदराने लिहावीत, आणि ती वही गावातील मुलांच्या हाती द्यावी.