आण्णांचा हात

कबनूरच्या आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. आण्णांनी उभी हयात मागावर काढली. तुटलेली तार हेरून चुटकीसरशी गाठ मारण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तोच उजवा हात थरथरू लागला. गाठ बसेना. पाळीतले सोबती कुजबुजले, "आण्णा लपून घेत्यात वाटतं." बावीस प्रतिज्ञा घेतल्यापासून दारूला न शिवलेला हा माणूस! पण खोटे कशाला सांगावे, एका रात्री आम्हीही त्यांच्या तोंडाचा वास घेतला. ते जागे होते. काही बोलले नाहीत.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. मेंदूतल्या काही पेशी मरतात, डोपामिन हे रसायन कमी पडते आणि हालचालींवरचा ताबा सुटतो. गोळीतल्या लेव्होडोपापासून मेंदूत डोपामिन तयार होते. गोळीचा अंमल उतरला की थरथर परत येते.

आईला मधुमेह आहे. एकदा ती पट्टीवर रक्ताचा थेंब घेत असताना आण्णांनी आपले बोट पुढे केले, "माझ्या डोस्क्यातलं बी मोज की!" आम्ही हसलो. पण प्रश्न अगदी रास्त होता.

पट्टीवरचे विकर साखरेशी क्रिया करते, त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि यंत्र तो बारीकसा प्रवाह मोजते. ही वाट अमेरिकेत क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली दाखवली. बाबासाहेब मधुमेहाने गांजले होते, तेव्हा घरी रक्तातली साखर मोजण्याचे असे यंत्र नव्हते.

मेंदूचे तसे नाही. रक्तातले डोपामिन मेंदूत शिरत नाही, म्हणून बोटाच्या थेंबावरून मेंदूतला हिशेब लागत नाही. तार मेंदूतच न्यावी लागते. १९७३ साली कॅन्सस विद्यापीठातल्या राल्फ अॅडम्स यांच्या गटाने उंदराच्या मेंदूत कार्बनचा विद्युतअग्र बसवून पाहिला. पुढे केसाहून कितीतरी बारीक कार्बनतंतू आले. सुताचा नंबर बोटाने ओळखणाऱ्या आण्णांना हे ऐकून मोठे नवल वाटले. तंतूला ठरावीक विद्युतदाब दिला की डोपामिन इलेक्ट्रॉन सोडते. गोम अशी, की मेंदूतले क जीवनसत्त्वही जवळपास त्याच दाबाला इलेक्ट्रॉन सोडते, आणि ते असते फार जास्त. म्हणून दाब सेकंदाला दहा वेळा झपाट्याने चढवून-उतरवून डोपामिनची खूण वेगळी काढतात. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी कंपवाताच्या १७ रुग्णांत असे मोजमाप प्रसिद्ध केले. पण ते शस्त्रक्रियेसाठी कवटी उघडलेली असतानाच केलेले. घरी वापरायचे यंत्र अजून नाही.

तोवर आमच्याकडे शंभर पानी वही आहे. गोळी किती वाजता, हात केव्हा सैल झाला, थरथर केव्हा परतली, हे आण्णा स्वतः लिहितात. सकाळी आठची नोंद ठसठशीत असते, तर दुपारच्या गोळीआधीची अक्षरे बारीक होत होत मुंगीएवढी होतात. मागच्या खेपेला डॉक्टरांनी आकडे नंतर वाचले, आधी अक्षर पाहिले आणि दुपारची गोळी तासभर अलीकडे आणली.

त्या वासाच्या रात्रीविषयी आम्ही आण्णांची माफी अजून मागितलेली नाही.