एकेक गिअर

जळगावहून गिरणा नदीपलीकडे, बांभोरीच्या कॉलेजात आम्ही स्पर्धेसाठी गो-कार्ट बांधली आणि तिला पल्सर १५० चं इंजिन बसवलं. मोटरसायकलच्या इंजिनाबरोबर गिअरबॉक्स आयता मिळतो, म्हणून विद्यार्थ्यांचे बरेच संघ हाच मार्ग धरतात. स्टिअरिंगशेजारी उभा दांडा, त्यातून मागे इंजिनापर्यंत रॉड. दांडा ओढला की एक गिअर वर, ढकलला की एक खाली. सांध्यात जराशी ढिलाई राहिली तरी गिअर अर्धवट पडायचा. त्या रॉडच्या लांबीवरून आम्ही चेसिसपेक्षा जास्त भांडलो असू.

एमआयडीसीतल्या एका मिस्त्रींनी जुनं इंजिन उघडून दाखवलं. आत छोटा ड्रम, त्याच्या अंगावर नागमोडी खाचा. प्रत्येक झटक्याला ड्रम एकच टप्पा फिरतो, खाचांत अडकलेले फोर्क सरकतात आणि एका गिअरच्या कडेचे जाड दात, ज्यांना डॉग म्हणतात, शेजारच्या गिअरच्या खोबणीत शिरतात. जपमाळेच्या मण्यांसारखे गिअर ओळीनेच येणार, मधला वगळता येणार नाही. "जागा लक्षात ठेवू नको भो, आकडा ठेव," मिस्त्री म्हणाले.

मैदानावर ते पटलं. मे महिन्याचं जळगावचं ऊन, जमिनीला जवळजवळ टेकलेली सीट, कानाशी इंजिन. वर जाताना क्लच लागतच नाही: ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, दांडा ओढायचा, खट्, आणि हात पुन्हा स्टिअरिंगवर. गिअर शोधायला नजर किंवा मनगट वळवावं लागत नाही, आणि वळणात हीच चैन मोठी. खाली येताना मात्र सांभाळावं लागतं. कार्टला डिफरन्शिअल नसतं, मागचा ॲक्सल सलग असतो. वेग उतरायच्या आत दोन गिअर पाडले तर मागची चाकं जाम होऊन कार्ट गर्रकन फिरते. (भाड्याच्या कार्टमध्ये हे काहीच कळत नाही. तिथे बहुधा आपोआप धरणारा क्लच असतो, गिअर नसतात. रेसिंगच्या केझेड वर्गातल्या १२५ सीसी कार्टना मात्र सहा गिअर असतात.)

त्याच काळात धुळ्याला घरी जाताना मी वडिलांची कार चालवत असे. पाळधी, एरंडोल, पारोळा. गाव आलं की समोर कापसाचा ट्रॅक्टर किंवा बैलगाडी. ब्रेक लावायचा, वेग उतरला की पाचव्यातून थेट दुसरा. सिन्क्रोमेशच्या रिंगा घर्षणाने आधी वेग जुळवतात, मगच गिअर आत घेतात, म्हणून आवाज होत नाही. गाडी थांबलीच तर कुठल्याही गिअरमधून सरळ पहिला. कार्ट वरच्या गिअरमध्ये थांबली, तर दात दातावर येऊन अडतात आणि पुढेमागे हलवत एकेक गिअर उतरवावा लागतो. रिव्हर्स तर नाहीच.

सिक्वेन्शिअल, म्हणजे कार्टसारखे ओळीनेच येणारे गिअर, पुढारलेले आणि साधी कार मागासलेली, असं पोरं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ट्रॅकवर पुढचा गिअर कोणता हे ठरलेलं असतं, आमच्या रस्त्यावर ते समोरचा बैल ठरवतो.

२०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणलं, त्यातही दांड्यावर अधिक-उणेच्या खुणा आल्या. हाताला ते कार्टसारखं वाटतं, पण आतला गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवतं. धुळ्याहून मालेगावकडे निघालं की लळिंगच्या चढावर मी अशी गाडी मुद्दाम मॅन्युअलवर घेतो. पुढचा ट्रक मंदावताना दिसला की आधीच एक गिअर पाडतो. यंत्राला चढ इंजिनावर ताण आल्यावर कळतो, मला ट्रक दिसल्याबरोबरच कळलेला असतो.