चिकपेटची दुसरी खरेदी

मराठी घरातली मंडळी बंगळूरच्या चिकपेटेत जातात ती बहुधा रेशमी साडीसाठी. साडीच्या दुकानात दोन तास कसे जातात हे पायरीवर पिशव्या सांभाळत बसलेल्याला विचारावे! पण घरच्या गाडीची किरकोळ दुरुस्ती स्वतः करण्याची हौस ज्याला किंवा जिला असेल, त्याने तिथे बसून राहू नये. याच पेठांच्या गर्दीत हत्यारांचाही मोठा बाजार आहे.

कन्नडमध्ये चिक्क म्हणजे धाकटा आणि दोड्ड म्हणजे थोरला. ही धाकटी पेठ, आणि तिला छेदणारी थोरली पेठ म्हणजे आजचा अव्हेन्यू रोड. पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये याच चौकातून चार दिशांना नांगर धरून गाव आखले, असे सांगतात. पुढे १६३८ मध्ये विजापूरकरांच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यामुळे बळेपेट, अक्कीपेट, कॉटनपेट ही नावे वाचताना पुणेकराला परके वाटत नाही. कोणत्या पेठेत काय मिळते, हे बऱ्याचदा नावच सांगते. बळे म्हणजे बांगडी, अक्की म्हणजे तांदूळ.

हत्यारांसाठी मात्र सादर पत्रप्पा रस्ता गाठावा. सगळे त्याला एस. पी. रोड म्हणतात. २०१७ मध्ये चिकपेटचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून या भागात येणे सोपे झाले आहे. पुढे गल्लीबोळांतून चालतच जावे. दुकाने अरुंद, माल छतापर्यंत. हिंदी सहज चालते, तरी ‘एष्टु?’ म्हणजे ‘किती?’ एवढे कन्नड आले तर दुकानदार हसून बोलतो.

पहिला मोह होतो तो चाळीस-पन्नास नगांच्या चकचकीत पेटीचा. एवढ्या स्वस्तात एवढी हत्यारे! पण त्यातली निम्मी कधी लागत नाहीत, आणि जी लागतात ती पहिल्याच घट्ट बोल्टवर दगा देतात. पाना सैल बसला की बोल्टच्या डोक्याचे कोपरे झिजून गोल होतात. मग तो कुठल्याच पान्याला दाद देत नाही. वाचवलेले पैसे मेकॅनिककडे जातात. पाना एकदम सटकला तर बोटांची सालटी जातात ती वेगळीच.

म्हणून सुटे पाने घ्यावेत. आधी एखाद्या नटबोल्टच्या दुकानातून दहा आणि तेरा मिलिमीटर डोक्याचे दोन नवे बोल्ट घेऊन खिशात टाकावेत आणि प्रत्येक पाना त्यांवर लावून पाहावा. हलवला तर खडखडू नये. क्रोम व्हॅनेडियम हा शिक्का नकली मालावरही असू शकतो, पण बोल्ट खोटे बोलत नाही. घट्ट बोल्ट सोडवायला रिंग पाना बरा, कारण तो सगळ्या कोपऱ्यांना धरतो. उघड्या तोंडाचा फिक्स पाना दोनच बाजूंना धरतो, तो नंतर भराभर फिरवायला ठेवावा. सॉकेट बारा कोनी घेण्यापेक्षा सहा कोनी घ्यावा. मारुती ८०० सारख्या जपानी वळणाच्या गाडीला दहा, बारा, चौदा आणि सतरा नंबर जास्त लागतात. युरोपीय वळणाच्या गाडीला तेराशिवाय भागत नाही. पक्कड घेताना तपारियाचे नाव समोर येते. नाशिकला बनलेला माल बंगळूरहून परत नाशिकला नेण्याचीही एक गंमत आहे!

रविवारी सकाळी बी. व्ही. के. अय्यंगार रस्त्याच्या आसपास जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे जुना रिंग पाना खुशाल घ्यावा. आतले कोपरे शाबूत असतील तर तो स्वस्त नव्यापेक्षा सरस ठरतो. रॅचेट मात्र जुने नको, आतले दाते झिजलेले दिसत नाहीत. डोके फुलासारखे पसरलेली छिन्नीही नको, हातोडी बसली की तिचा कपचा डोळ्यात उडू शकतो.

एका वस्तूत काटकसर मुळीच करू नये. जॅक गाडी उचलण्यापुरता. केवळ त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. त्याचे तेल कधी गळेल, तो कधी सरकेल, सांगता येत नाही. किती टन पेलतो हे कोरलेले मजबूत स्टँड जोडीने, नवेच घ्यावेत, आणि चाकांना लावायला लाकडी ओंडके ठेवावेत. सुट्या भागांचा मोठा बाजार जवळच्या जे. सी. रोडवर आहे, स्टँड तिथेही पाहावेत. हे ओझे गावी न्यायचे नसेल तर घराजवळच्या दुकानातून घ्यावेत, पण त्याआधी गाडीखाली जाऊ नये.

विमानाने परतणाऱ्यांनी पाने सामानात द्यावेत. हातातल्या बॅगेत ठेवले तर तपासणीत काढून घेतले जातील. हातातल्या बॅगेत साडी ठेवावी.