दोनशे वीस सीसी आणि मागची सीट

होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर तीनच विषय चालतात : केटी, प्लेसमेंट आणि गाडी. पहिल्या दोन विषयांवर आवाज आपोआप खाली येतो. तिसऱ्यावर मात्र तो रेक्टर सर जिना चढून येईपर्यंत चढतच जातो! मी कॉन्व्हेंटचा विद्यार्थी, त्यामुळे माझं मराठी थोडं 'मिक्श्चर' आहे. ते चालवून घ्या. पण सेकंडहॅंड स्पोर्ट्स बाईक घेताना या मराठीनेच मला वाचवलं, ते कसं ते सांगतो.

माझ्याकडे पप्पांची जुनी स्प्लेंडर. ९७.२ सीसी, साधारण ८ पीएस. बीडमध्ये फिरायला देवमाणूस गाडी, पण मांजरसुंब्याचा घाट दोघांना घेऊन चढायचा म्हणजे तिला घाम फुटतो, आणि मागून ट्रक हॉर्न मारतो तेव्हा आपल्याला. दोन वर्षांची स्कॉलरशिप, सुट्टीतल्या ट्यूशन्सचे पैसे आणि पप्पांनी सोयाबीन विकून दिलेले वीस हजार असं मिळून माझं बजेट झालं सत्तर हजार. पप्पा एवढंच म्हणाले, "पैसा शेतातला आहे, विचार करून घे." ह्या वाक्याला एअरबॅग नसते बरं का, ते सरळ छातीवर येतं.

होस्टेलचं मत एकमुखी : "घ्यायची तर तीनशे नव्वद घे!" एका डीलरकडे एक आरसी ३९० अगदी बजेटला टेकलेली होती. ३७३ सीसी, ४३ पीएसच्या वर. मी मग आपल्या ब्रॅंचला शोभेल असं केलं. वही काढली आणि गाडीचं वजन अधिक माझे साठ किलो धरून पीएसला भागलं. स्प्लेंडर : एका टनाला साधारण ४६ पीएस. यामाहा आर-१५ व्ही-३ : ९२. आरसी ३९० : १९० च्या पुढे. म्हणजे आर-१५ माझ्या गाडीच्या दुप्पट आणि आरसी चौपट! मनगटाला सवय एका ताकदीची आणि हातात चौपट. शिवाय वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे आपण अकरावीत पाठ केलंय. घाटात वळणापलीकडे उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीने मात्र ते पाठ केलेलं नसतं.

नुसत्या सीसीवरही जाऊ नका. पप्पांच्या तरुणपणीची आरएक्स १०० फक्त ९८ सीसीची, पण टू-स्ट्रोक असल्याने ११ पीएस द्यायची. सीसी म्हणजे भांड्याचा आकार; त्यात काय शिजतं ते वेगळं. पण खिशाला सीसी कळतो. थर्ड पार्टी इन्शुरन्सचे दर सीसीच्या पायऱ्यांवर ठरतात. २०२२ साली जाहीर झालेले वर्षाचे दर असे : ७५ ते १५० सीसीला ७१४ रुपये, १५० ते ३५० ला १३६६ आणि ३५० च्या वर २८०४. गंमत म्हणजे १५५ सीसीची आर-१५ सुद्धा मधल्याच पायरीवर बसते.

तेव्हा आरसी कटाप. आर-१५ जवळजवळ पक्की झाली होती. तेवढ्यात आईने एक अट घातली.

आई दर कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारला जायची. बीडपासून वीसेक किलोमीटरवर, बालाघाटाच्या कुशीत मन्मथस्वामींची समाधी आहे. यात्रेला मराठवाड्यातूनच नाही, तर कर्नाटकातूनही लोक येतात, कित्येक पायी दिंडीने. बाकीच्यांना कपिलधार म्हणजे पावसाळ्यातला धबधबा आणि भज्यांची गाडी! आई पूर्वी पायी जायची. दोन वर्षांपासून गुडघ्यांनी तिची सुट्टी केलीय. ती म्हणाली, "गाडी कोणतीबी घे, पण मला कपिलधारला नेऊन आणली तरच घे. जीपच्या गर्दीत आता मला चढवत नाही."

झालं! आर-१५ ची मागची सीट बघितलीय ना तुम्ही? वीट बरी. उंचावर, उतरती, तळहाताएवढी. साडी नेसून एका बाजूला बसणारी बाई तिथे टिकणार कशी? बहुतेक सेकंडहॅंड स्पोर्ट्स बाईकचं साडी गार्ड 'लुक जातो' म्हणून पहिल्याच मालकाने काढून फेकलेलं असतं. खरं तर मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला हॅंडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं कव्हर हवंच. ओढणी नाहीतर पदर चाकात गेला की काय होतं ते आमच्या गल्लीने एकदा पाहिलंय. त्यावर विनोद नको.

मग नजर गेली पल्सर २२० एफकडे. हिचा वंश २००७ चा, म्हणजे जवळपास आपल्याच वयाचा. २०२२ मध्ये बंद झाली आणि २०२३ मध्ये परत आली. होस्टेलने नाक मुरडलं, "अंकल बाईक!" मी परत वही काढली. २० पीएसच्या थोडं वर, वजन १६० किलो. माझ्यासकट टनाला ९२-९३ पीएस. अरे, ही तर आर-१५ एवढीच! फरक टॉर्कमध्ये. आर-१५ चा जास्तीत जास्त टॉर्क १४ न्यूटन-मीटर, तोही ८५०० आरपीएमला. २२० चा साडेअठरा, ७००० ला. हे आईला सांगायला गेलो तर जीभ अडखळली. इंग्रजीत 'टॉर्क' म्हणून सुटता येतं, मराठीत त्याचा अर्थ सांगावा लागतो. मी म्हणालो, "चाकाला पीळ देऊन ओढायची ताकद." आई म्हणाली, "म्हणजे चढाला रडत न्हाई, असंच ना?" चार सेमिस्टरमध्ये एवढी सोपी व्याख्या मला कुणी दिली नव्हती!

बीडमधल्याच एका काकांची २०२० ची बीएस-६ गाडी मिळाली, एमएच-२३, एकच मालक. तपासलं काय, ते लिहून ठेवा. जाण्याआधी फोनवर सांगा, 'गाडी सुरू करून ठेवू नका', कारण इंजिनचं दुखणं थंड असतानाच कळतं. ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं, हॅंडलची टोकं, फूटरेस्टच्या कडा घासलेल्या असतील तर गाडी पडलेली आहे, फेअरिंग कितीही नवं असो. नवं फेअरिंग दिसलं तर उलट जास्त संशय घ्या. पुढच्या फोर्कवर तेलाचा ओघळ, चेन-स्प्रॉकेटचे दात, आणि टायरवरचे चार आकडे बघा : '२३२०' म्हणजे २०२० च्या २३ व्या आठवड्यातला टायर. आरसीवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. ऑनलाइन चलान थकलंय का ते बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सही, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बॅंकेची एनओसी. इन्शुरन्स चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

आणि घासाघीस करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनी गाडी जुन्या भावात का घ्यायची? काकांनी पंचाहत्तर सांगितले, बासष्ट हजारांत ठरलं. उरलेल्या पैशांत दोन हेल्मेट, नवा मागचा टायर आणि साडी गार्ड. पप्पांना हिशेबाचा कागद दिला. त्यांनी तो घडी करून पाकिटात ठेवला, बोलले काहीच नाहीत.

यात्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं कपिलधारला गेलो. हायवे सोडून दरीत उतरताना मागे आईचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. दर्शन झालं. पायऱ्यांवर तिने तासभर बसून घेतलं, मीही घाई केली नाही. परतीचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये, चाळीसच्या स्पीडने, आरामात. वर आल्यावर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी मावशीलाबी न्यायचंय, दोन फेऱ्या कर."

गाडी सध्या होस्टेलच्या शेडमध्ये आहे. राईड मागायला येणाऱ्यांनी यावं, पण स्वतःचं हेल्मेट घेऊन. दुसरं हेल्मेट आईचं आहे, ते मिळणार नाही!