एका निर्णयाचे तीन श्रोते : वृद्धसेवा आणि पॉडकास्ट

घरपोच वृद्धसेवा पुरवणाऱ्या छोट्या संस्थेचा ग्राहक नेमका कोण, हे ठरवणे अवघड असते. कारण पुण्या-ठाण्याच्या अनेक घरांत सेवेची गरज अंथरुणाला खिळलेल्या आईला किंवा वडिलांना असते, खर्च उचलणारा मुलगा बंगळूरला किंवा न्यू जर्सीत असतो आणि औषधे, डायपर, रात्रीची जागरणे सांभाळणारी सून, लेक वा स्वतःच थकलेली पत्नी घरात असते. या तिघांचे एकमत झाल्याखेरीज ‘चोवीस तासांची बाई’ ठेवली जात नाही, आणि हा निर्णय बहुधा रुग्णालयातून घरी सोडण्याच्या आदल्या दिवशी, कुणीतरी दिलेल्या नर्सिंग ब्यूरोच्या नंबरावर फोन लावून, घाईघाईत उरकला जातो. पॉडकास्टचे खरे काम या घाईच्या कितीतरी आधी सुरू होते.

पॉडकास्ट म्हणजे ध्वनिमुद्रित भागांची मालिका. तिचे नवे भाग ‘फीड’मार्फत, म्हणजे प्रत्येक भागाचे शीर्षक, तारीख आणि ध्वनिफाइलचा पत्ता नोंदवणाऱ्या संगणकीय यादीमार्फत, श्रोत्याच्या अ‍ॅपवर आपोआप पोहोचतात. हे नाव २००४ मध्ये पुढे आले आणि जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये ही सोय दिल्यावर ते सर्वतोमुखी झाले. हाताला काम आणि कानाला सोबत ही सवय मराठी घरांना मात्र मुंबई आकाशवाणीच्या ‘वनिता मंडळ’ या महिलांच्या कार्यक्रमापासूनच होती, फरक एवढाच की आता वेळ श्रोता ठरवतो. त्यामुळे सुनेने दुपारी ऐकलेला भाग परदेशातला मुलगा गाडी चालवताना ऐकू शकतो, आणि भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आईला नक्की काय होते आहे’ याविषयी सर्वांच्या हाती एकच भाषा येते. घरातल्या बाईचे म्हणणे जिथे ‘तू फार काळजी करतेस’ एवढ्यावर उडवून लावले जाते, तिथे जाणकाराच्या तोंडून आलेले तेच म्हणणे तिला मोठा आधार देते, आणि माध्यमाचा हा उपयोग सर्वांत मोलाचा मानावा लागतो.

म्हणूनच भागाचा विषय संस्थेची थोरवी हा नसावा. तो घरात अडलेला प्रश्न असावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची संध्याकाळ होताच वाढणारी बेचैनी, जिला ‘सनडाउनिंग’ म्हणतात, ती कशी ओळखावी आणि दिवे, आवाज, चहाची वेळ यांत कोणते बदल करून पाहावेत. शय्याव्रण, म्हणजे सतत दाब पडून होणारी जखम, टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस का बदलावी. बारा तासांची बाई पुरेशी कधी ठरते आणि प्रशिक्षित परिचारिका केव्हा लागते, हे असे विषय आहेत. वीस मिनिटांचा भाग मोनोमध्ये, ६४ किलोबिट प्रतिसेकंद दराने साठवल्यास फाइल दहा एमबीच्या आत राहते आणि सहज पुढे पाठवता येते.

ध्वनिमुद्रणासाठी गाद्या-पडद्यांची शांत खोली आणि साधा माइक पुरतो. मात्र भावनेला साद घालण्यासाठी जुने भावगीत वापरण्याचा मोह टाळावा, कारण भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि शब्द-चालीचे हक्क त्याहून वेगळे असतात. फीड स्वतःच्या ताब्यात आणि मूळ फाइल स्वतःजवळ असणेही आवश्यक आहे, कारण गूगल पॉडकास्टसारखे अ‍ॅपसुद्धा २०२४ मध्ये बंद झाले.

सर्वांत कठोर मर्यादा रुग्णांविषयीची आहे. नाव बदलले तरी पेठ, व्यवसाय आणि आजार यांवरून माणूस ओळखू येतो, आवाजावरून तर हमखास. आणि स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची संमती ही संमती मानता येईल का, हा प्रश्न उरतोच. प्रसिद्धीसाठी अशा व्यक्तीचा आवाज वापरणे कोणत्याही व्यावसायिक लाभासाठी समर्थनीय ठरत नाही.

व्यवसायवाढ मोजताना डाउनलोडचा आकडा फारसा कामाचा नसतो, कारण भाग उतरवून घेतला म्हणजे ऐकलाच असे नाही. पहिल्या फोनवर ‘कोणता भाग ऐकलात?’ असे विचारून उत्तर नोंदवले, तर कोणत्या विषयातून खरी विचारणा येते ते कळते. भाग ऐकून आलेले कुटुंब दरांच्या घासाघिशीऐवजी रात्रपाळी आणि पर्यायी बाई यांविषयी बोलू लागते. तरीही विचारणा वाढल्या आणि प्रशिक्षित मावशी तेवढ्याच राहिल्या, तर संस्थेला नकार द्यावा लागतो. मावशी मिळाव्यात आणि टिकाव्यात यासाठी काही छोटे भाग त्यांच्यासाठीच, त्यांच्या बोलीत, उचलण्या-बसवण्याची पद्धत, स्वतःची कंबर आणि सुट्टीचा हक्क या विषयांवर केले पाहिजेत.