परतावा

आपल्यापैकी अनेकजण चार-सहा महिन्यांच्या कामगिरीवर परदेशी जाऊन आले असतील, पगारातून तिथला कर कापला गेला असेल, आणि तो परत मिळवण्यासाठी लागणारे कागद घरी परतल्यावर आठवले असतील. मी हा प्रकार उलट बाजूने पाहिला, तो भिलाईत.

भिलाईला परदेशी तंत्रज्ञ नवे नाहीत. फेब्रुवारी १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेथील मैत्री बाग त्याच संबंधांची खूण आहे. तो व्यवहार दोन सरकारांमधला होता. पुढे येऊ लागले ते बहुधा खाजगी कंपन्यांचे नोकर, आणि कराच्या दृष्टीने त्यांचा हिशेब निराळा.

माझ्या तेथील कार्यकाळात पूर्व युरोपातील एक अभियंता माझा शेजारी होता. १ नोव्हेंबर २००४ ला आला, ३१ ऑगस्ट २००५ ला परत गेला. कंपनीने सावधगिरी म्हणून त्याच्या पगारातून पूर्ण कर कापून भरला होता. मी आयकर खात्यातला नव्हे. पण अर्थशास्त्राचा एम.ए. आणि केंद्र सरकारचा अधिकारी म्हटल्यावर मला यातले सर्व कळत असणार, असा त्याचा समज झाला. तो खोडून काढण्याइतका प्रामाणिकपणा मी दाखवला नाही.

दुर्गला एक वयस्क मराठी करसल्लागार होते. आम्ही सारे त्यांना काका म्हणत असू. त्यांनी बोटांवर दिवस मोजले. नोव्हेंबर ते मार्च १५१, एप्रिल ते ऑगस्ट १५३. दुहेरी कर टाळण्याच्या अनेक करारांत १८३ दिवसांची मर्यादा असते, आणि ती वित्तीय वर्षागणिक मोजली जात असेल, तर आपले वर्ष मार्चअखेर संपत असल्याने ३०४ दिवस राहूनही कोणत्याच वर्षी ती ओलांडली जात नाही. अभियंता हरखला. त्याच्या देशाच्या जानेवारी-डिसेंबर वर्षाने मोजले असते, तर २००५ चेच २४३ दिवस भरले असते!

"अहो साहेब, दिवस त्याच्या हातात होते," काका मला म्हणाले, "बाकीचे मालकाच्या हातात." वेतन देणारा मालक भारताचा रहिवासी नसावा आणि त्या वेतनाचा भार त्याच्या येथील स्थायी आस्थापनेवर पडलेला नसावा, या आणखी दोन अटी होत्या. बांधकाम ठराविक काळापेक्षा लांबले की ती जागाच स्थायी आस्थापना ठरते. म्हणजे हक्क नोकराचा, पण तो सिद्ध करणारा कागद कंपनीकडे. तो मिळवण्यात वर्ष गेले. तोवर कंपनीने भिलाईतील कार्यालय आवरले होते, आणि पत्रव्यवहारासाठी माझा पत्ता दिलेला होता.

अभियंता देश सोडत होता तेव्हा मालकाकडून हमीपत्र घेण्यात आले की, त्याच्याकडे काही कर निघाल्यास आम्ही भरू. पूर्वी अशा लोकांना आयकराचा ना-देय दाखला घ्यावा लागे. २००३ पासून बहुतेकांना हे हमीपत्र पुरू लागले. सरकारचे येणे बुडू नये म्हणून ही तजवीज, आणि ती योग्यच आहे. जाणाऱ्याचे येणे कोठे जमा व्हावे, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता. नोकरी संपवून जाणाऱ्या परदेशी माणसाने येथील बँक खाते बंद करावे, असा तेव्हा नियम होता. त्याच्याबरोबर बँकेत मीच गेलो होतो, आणि एक काम वेळेत उरकले म्हणून आम्ही दोघांनी सिव्हिक सेंटरला चहाही घेतला.

२००७ मध्ये परतावा आला, महिना अर्धा टक्का व्याजासह. त्याच्या नावाचा, केवळ त्याच्या खात्यातच जमा होऊ शकणारा. खाते नव्हते. त्या रकमेतून मुलीचे शिक्षण भागवायचे, असे त्याने मला दोन पत्रांतून कळवले होते.

नोकरी संपवून परतणाऱ्या परदेशी नागरिकांना त्यांचे रास्त येणे मिळावे, म्हणून जुने खाते अनिवासी खात्यात बदलून चालू ठेवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये दिली. पुढे आयकर विवरणपत्रात अनिवासींना परदेशातील खाते नमूद करण्याचीही सोय झाली. २००७ मध्ये मी एवढेच केले की, विनंतीअर्ज जोडून तो कागद परत पाठवला आणि अभियंत्याला पत्र लिहावयास बसलो. बँकेत आपण दोघे गेलो होतो त्या दिवसाचा उल्लेख करावा की नाही, हे ठरेना, आणि पत्र चार दिवस टेबलावर पडून राहिले.