कुंभार्लीच्या चढावर

चिपळूणहून कऱ्हाडला जाताना अलोरे, शिरगाव मागे पडले की रस्ता सह्याद्रीला भिडतो. हाच कुंभार्ली घाट. वर कोयनेचे धरण, खाली पोफळीचे वीजघर. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून उतरते, वीज देते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. पावसाळ्यात इथे धुके आणि धबधबे असतात. मे महिन्यात मात्र बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसतात.

कारण साधे आहे. चढावर गाडी खालच्या गिअरमध्ये असते. इंजिनावर ताण येतो, ते जास्त तापते. पण वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा लागत नाही. सगळी भिस्त पंख्यावर.

गेल्या उन्हाळ्यात अम्मींचे डोळे दाखवायला आम्ही कऱ्हाडला निघालो होतो. सपाटीवर काटा मध्यावर होता. अर्ध्या घाटात तो लाल खुणेकडे सरकला. रुंद जागा पाहून गाडी थांबवली. मुलगा पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरचे झाकण उघडायला धावला. मागे थांबलेल्या ट्रकमधल्या चाचांनी त्याचा हात धरला.

"बेटा, आतले पाणी दाबाखाली आहे. झाकण सैल केलेस तर उकळते पाणी तोंडावर येईल."

अम्मी म्हणाल्या, "सब्र करा. डॉक्टर कुठे पळून जात नाहीत."

चाचांनी हात न लावता तपासले. प्लास्टिकच्या टाकीत कूलंट दोन खुणांच्या मध्ये होते, जमिनीवर थेंब नव्हता. गळती दिसत नाही आणि सपाटीला गाडी ठीक, म्हणजे संशय पंख्यावर. इंजिन निवल्यावर सुरू करून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा फिरतो. आमचा फिरला नाही. फ्यूज जळाला होता. तेवढ्याच अँपिअरचा दुसरा बसवताच पंखा घरघरला. "फ्यूज उगाच जळत नाही, कऱ्हाडात वायरिंग दाखवा," असे बजावून चाचा निघाले.

याउलट गाडी सपाट रस्त्यावर वेगात तापत असेल, तर तुंबलेला रेडिएटर, पाण्याचा पंप किंवा अडकलेला थर्मोस्टॅट पाहावा. गळती नसताना कूलंट घटते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी पुढे रेटू नये.

घाटात काटा चढू लागला तर एसी बंद करा, काचा उघडून हीटर पूर्ण लावा. इंजिनाची थोडी उष्णता तिकडे निघून जाते. तरीही काटा उतरला नाही, तर लाल खूण गाठण्याआधीच थांबा. आणि गरम इंजिनाच्या झाकणाला हात लावायचा नाही, हे मुलांना प्रवासाला निघण्यापूर्वी घरातच सांगून ठेवा.